पुन्हा एक डाव

"डॉक्टर, दवाखाना बंद केल्यावर तुम्ही काय करता हो?" हा प्रश्न शहापुरातील माझ्या रुग्णांनी गेल्या सत्तावीस वर्षांत मला कितीतरी वेळा विचारला आहे. पूर्वी माझे उत्तर ठरलेले असे, "झोपतो." अलीकडे मी खरे उत्तर देतो, "हरतो." ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह उमटते. मग मला सांगावे लागते की, रात्री जेवणानंतर मी पाऊण तास व्हिडिओ गेम खेळतो, तोही असा कठीण की त्यात दहापैकी नऊ वेळा माझा पराभव होतो. साठीकडे झुकलेल्या डॉक्टराने असे काही करावे याचे कुणाला हसू येते, कुणाला काळजी वाटते. स्मरणिकेच्या संपादकांनी "फुरसतीचा वेळ" या विषयावर लिहिण्यास सांगितले, तेव्हा या हसण्याचे आणि या काळजीचे एकदाच सविस्तर उत्तर द्यावे असे वाटले. तेच प्रस्तुत लेखाचे प्रयोजन.

आरंभ एका मृत्यूपासून करावा लागतो, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. काही वर्षांपूर्वी यंत्रमागावर काम करणारा एक बेचाळीस वर्षांचा गृहस्थ छातीत जळजळ होते म्हणून माझ्याकडे आला. ईसीजी निर्दोष होता. मी आम्लपित्ताची औषधे दिली आणि पुढील तपासण्या करून घ्याव्यात असे चिठ्ठीवर लिहून दिले. तो त्या तपासण्यांना गेला नाही. आठव्या दिवशी लोकांनी त्याला उचलून माझ्या दवाखान्यात आणले. रुग्णवाहिका येईपर्यंत मी त्याची छाती दाबत होतो. तो वाचला नाही.

त्यानंतर अनेक रात्री तो पहिला दिवस माझ्या डोळ्यांसमोर पुनःपुन्हा उभा राही. चिठ्ठी लिहिताना मी मान वर करून त्याच्याकडे पाहिले होते का? "नक्की जा" हे शब्द किती जोर देऊन उच्चारले होते? दूरदर्शन पाहून, वृत्तपत्र चाळून, लवकर अंथरुणाला पाठ टेकून हे थांबत नव्हते. उलट शरीर जितके स्वस्थ, तितके मन त्या चिठ्ठीभोवती अधिक फिरे. आपल्या व्यवसायातील बहुतेकांना हा अनुभव असेल. आपण तो बोलून दाखवीत नाही, इतकेच.

त्याच सुमारास माझा मुलगा सुटीसाठी घरी आला होता. एका रात्री झोप येईना म्हणून मी बाहेरच्या खोलीत आलो, तर तो पडद्यासमोर बसून एका अक्राळविक्राळ राक्षसाकडून मार खात होता. मी मोजले. अर्ध्या तासात तो सतरा वेळा मेला. प्रत्येक वेळी क्षणभर थांबे, काहीतरी पुटपुटे आणि पुन्हा सुरुवात करी. मी विचारले, "अरे, राग येत नाही का तुला?" तो म्हणाला, "बाबा, राग कशाचा? तो डावा हात उचलतो तेव्हा मी उजवीकडे सरकायला हवं होतं. आता कळलं." अठराव्या खेपेलाही तो मेला. पण या वेळी आधीपेक्षा बराच उशिरा.

"आता कळलं" हे दोन शब्द माझ्या मनात राहिले. स्वतःच्या हातून झालेल्या चुकीकडे इतक्या शांतपणे पाहण्याची कला मला सत्तावीस वर्षांच्या व्यवसायात साधली नव्हती.

कठीण खेळ म्हणजे काय?

या खेळांशी परिचय नसलेल्या वाचकांसाठी थोडी पूर्वपीठिका. जपानमध्ये १९७८ साली तोमोहिरो निशिकादो यांनी "स्पेस इन्व्हेडर्स" हा खेळ तयार केला. परग्रहावरील शत्रूंच्या रांगा वरून हळूहळू खाली येतात आणि त्यांना टिपावयाचे, एवढेच त्यात असते. त्या काळच्या यंत्राची शक्ती तोकडी होती. पडद्यावर शत्रू पुष्कळ असले की यंत्र मंदावे. जसजसे शत्रू मरत, तसतसा यंत्रावरील भार हलका होऊन उरलेले शत्रू अधिक वेगाने धावू लागत. हा दोष दुरुस्त करण्याऐवजी निशिकादोंनी तसाच ठेवला. खेळणारा तरबेज होत जातो तसा खेळही अवघड होत जावा, ही कल्पना अशा रीतीने एका यांत्रिक उणिवेतून लोकप्रिय झाली.

१९८४ साली मॉस्कोमध्ये अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी "टेट्रिस" रचला. वरून पडणारे निरनिराळ्या आकारांचे तुकडे फिरवून खाली सलग ओळ जुळवावयाची. या खेळाला विजय असा नाहीच. तुम्ही किती काळ तग धरता एवढाच प्रश्न असतो. या खेळाच्या १९८९ सालच्या आवृत्तीचा शेवट यंत्राने गाठला असला तरी माणसाने गाठलेला नव्हता. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातील एका तेरा वर्षांच्या मुलाने १५७व्या पातळीवर पोहोचून यंत्रालाच गोठविले. चौतीस वर्षे सगळ्यांना हरविणारा खेळ अखेर स्वतः थांबला.

अलीकडच्या काळात कठीण खेळांची एक स्वतंत्र शाखाच निर्माण झाली आहे. २०११ सालचा "डार्क सोल्स" हा तिचा सर्वांत प्रसिद्ध नमुना. हिदेताका मियाझाकी यांच्या या खेळात मृत्यू हा अपघात नसून शिकवणीचा भाग असतो. मेल्यावर तुम्ही मागच्या शेकोटीपाशी परत येता, मिळविलेली पुंजी मृत्यूच्या जागी पडून राहते, आणि तेथपर्यंत पुन्हा पोहोचलात तरच ती परत मिळते. त्याच आधी पुन्हा मृत्यू आला, तर ती कायमची गेली. याच मालिकेच्या वळणावर आलेल्या २०२२ सालच्या "एल्डन रिंग" या खेळाच्या अडीच कोटींहून अधिक प्रती खपल्या. म्हणजे एवढ्या लोकांनी पैसे देऊन हरणे विकत घेतले.

आपल्या मराठी मुलुखापुरते बोलावयाचे तर पुण्याच्या "नोडिंग हेड्स गेम्स" या छोट्या संस्थेने २०२० साली "राजी" हा खेळ जगापुढे ठेवला. राक्षसांनी पळविलेल्या आपल्या धाकट्या भावाचा शोध घेणारी राजी ही मुलगी त्याची नायिका. तिची कथा सांगतात ते दुर्गा आणि विष्णू. त्या वर्षी "द गेम अवॉर्ड्स" या जागतिक सोहळ्यात नवोदितांच्या विभागात त्याला नामांकन मिळाले. मी स्वतः पुरता खेळून संपविलेला हा एकमेव खेळ. त्याला किती महिने लागले, ते सांगत नाही.

चांगल्या कठीण खेळाचे एक लक्षण मात्र नीट समजून घेतले पाहिजे. तो निर्दय असतो, पण अन्यायी नसतो. शत्रू प्रहार करण्यापूर्वी सूचना देतो. ती सूचना ओळखली तर उपाय असतो. हरण्याचे कारण प्रत्येक वेळी शोधता येते. जेथे कारण शोधता येत नाही, तेथे खेळणारा चिडतो आणि खेळ सोडून देतो.

विश्रांतीचे चार पाय

दिवसभर कठीण काम करणाऱ्याने विश्रांतीसाठीही कठीण काहीतरी का निवडावे? माझ्या सौभाग्यवतींनी हा प्रश्न याहून कमी शब्दांत विचारला होता, "अहो, दिवसभर कमी होतं का?"

जर्मन मानसशास्त्रज्ञ साबिने सोनेनटाग आणि त्यांच्या सहकारी शार्लोट फ्रिट्झ यांनी २००७ साली कामानंतरच्या विश्रांतीचे मोजमाप करणारी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. त्यांच्या मते थकलेला माणूस चार मार्गांनी सावरतो. पहिला, मनाने कामापासून सुटणे. दुसरा, शरीर व मन सैलावणे. तिसरा, कामाबाहेरच्या एखाद्या गोष्टीत प्रावीण्य मिळविणे. आणि चौथा, आपला वेळ आपल्या इच्छेने वापरता येणे. आपण बहुतेक डॉक्टर विश्रांती म्हणजे केवळ दुसरा मार्ग समजतो. आरामखुर्चीत पडले की शरीर सैलावते हे खरे, परंतु मन दवाखान्यातच राहते. प्रावीण्य मिळवावे लागेल असे काही समोर असले, तर मनाला दवाखान्यात रेंगाळण्यास जागाच उरत नाही. राक्षसाचा डावा हात वर जात असताना उद्याच्या रुग्णांचा विचार करता येत नाही. केला तर आपण मरतो.

मिहाय चिक्सेंटमिहाय या हंगेरियन-अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७५ सालच्या आपल्या ग्रंथात याच अवस्थेचा अभ्यास मांडला. आव्हान आणि कौशल्य यांचा तोल जमला की माणूस कामात पूर्ण बुडतो, वेळेचे भान हरपते. आव्हान कौशल्यापेक्षा फार मोठे झाले तर धास्ती वाटते, फार लहान झाले तर कंटाळा येतो. या ग्रंथासाठी त्यांनी ज्यांचा अभ्यास केला, त्यांत बुद्धिबळपटू होते, कडे चढणारे गिर्यारोहक होते, आणि शल्यचिकित्सकही होते. आपल्या सर्जन मित्रांना शस्त्रक्रियेत जी तंद्री लागते, तीच बुद्धिबळाच्या पटावर लागते. फरक एवढाच की पटावर हरले तर कुणाच्या घरचा कर्ता माणूस जात नाही.

मनात घोळत राहणाऱ्या दृश्यांविषयी तर अधिक नेमके संशोधन झाले आहे. ऑक्सफर्ड येथे एमिली होम्स व सहकाऱ्यांनी २००९ साली असा प्रयोग केला : काही लोकांना अपघातांची विदारक दृश्ये असलेली चित्रफीत दाखविली, अर्ध्या तासाने त्यांतील निम्म्यांना टेट्रिस खेळावयास दिला. पुढील आठवडाभरात खेळलेल्यांच्या मनात ती दृश्ये अवचित उभी राहण्याचे प्रमाण इतरांपेक्षा कमी आढळले. पुढे हाच प्रयोग तेथील रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात, रस्ते अपघातातून आलेल्या ७१ रुग्णांवर करण्यात आला, आणि त्याचाही कल त्याच दिशेने निघाला. कारणमीमांसा अशी दिली जाते की, डोळ्यांसमोर चित्र धरून ठेवण्याची मेंदूची क्षमता मर्यादित असते. स्मृती पक्की होत असण्याच्या काळात ती क्षमता आकार जुळविण्यात गुंतली, तर भीषण चित्राची पकड सैल पडते. घटना विसरली जात नाही; ती आपणहून अंगावर येण्याचे तेवढे कमी होते.

यावरून कुणी व्हिडिओ गेम हे औषध आहे असे समजू नये. ज्याची झोप आठवडेच्या आठवडे उडाली आहे, ज्याला जगणे नकोसे वाटते, त्याने मनोविकारतज्ज्ञाकडेच गेले पाहिजे, आणि डॉक्टराने तर आधी गेले पाहिजे. येथे मी बोलतो आहे ते रोजच्या शिणवट्याविषयी.

हात खरेच सुधारतो का?

आपल्या तरुण सर्जनना यापेक्षा वेगळी उत्सुकता असते. जेम्स रॉसर या अमेरिकन सर्जनने सहकाऱ्यांसह २००७ साली "आर्काइव्ह्ज ऑफ सर्जरी" या नियतकालिकात ३३ शल्यचिकित्सकांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांनी पूर्वी आठवड्याला तीन तासांहून अधिक व्हिडिओ गेम खेळले होते, त्यांच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या सरावात चुका ३७ टक्के कमी झाल्या आणि वेग २७ टक्के अधिक दिसला. पडद्याकडे पाहत हात हलविण्याची सवय दोन्हीकडे सारखीच लागते, त्यामुळे हे समजण्यासारखे आहे. तथापि अभ्यासगट लहान होता, आणि मुळातच ज्यांचा हात व नजर चांगली ते खेळाकडे वळले असतील, हीही शक्यता उरते.

त्याआधी २००३ साली ग्रीन व बाव्हेलिए यांनी "नेचर"मध्ये दाखविले की, वेगवान लढाईचा खेळ दहा दिवस रोज एक तास खेळविल्यावर न खेळणाऱ्यांचीही नजरेची व्याप्ती वाढते. तुलनेसाठी घेतलेल्या दुसऱ्या गटाला टेट्रिस दिला होता. त्यांच्यात तेवढी वाढ झाली नाही. खेळातील कौशल्य खेळाबाहेर कितपत उतरते, याविषयी पुढे संशोधकांत बरेच मतभेद झाले. म्हणून माझा सल्ला असा की, हात सुधारावा म्हणून खेळू नये. हातासाठी सरावाची साधने वेगळी आहेत. खेळावे ते आवडते म्हणून.

आपल्या घरचीच परंपरा

हे सारे परदेशी खूळ आहे, असे आमच्यातील ज्येष्ठ म्हणतात. त्यांना मी आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीस नेऊ इच्छितो. तेथील राजवाड्यात आजही दशावतारी गंजिफा रंगविल्या जातात. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची बारा पाने, अशी एकूण १२० पाने. कोणते पान पडले आणि कोणते अजून कुणाच्या हाती आहे हे स्मरणात ठेवल्याशिवाय या खेळात निभाव लागत नाही. बावन्न पत्त्यांचा डाव त्यापुढे बाळबोध वाटतो.

दुसरे उदाहरण मोक्षपटाचे. ज्ञानेश्वरांनी तो रचला अशी आपल्याकडे परंपरेची श्रद्धा आहे. आज मुले सापशिडी म्हणून खेळतात तिचे हे मूळ रूप. साप म्हणजे दुर्गुण, शिड्या म्हणजे सद्गुण आणि शेवटचे घर मोक्षाचे. जुन्या पटांवर शिड्यांपेक्षा साप अधिक असत. म्हणजे चढणे दुर्मीळ आणि घसरणे नित्याचे, हे त्या पटानेच सांगून ठेवले होते. सापाने गिळलेला माणूस खेळातून बाद होत नाही, हे मला त्याहून महत्त्वाचे वाटते. तो खालच्या घरात येतो आणि पुढच्या दानाची वाट पाहतो.

आणि खेळाला जेवणाची जोड देणेही आपल्याला नवे नाही. हादग्याच्या खेळानंतर झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखण्याचा कार्यक्रम ज्यांनी बालपणी पाहिला आहे, त्यांना ओळखू येणार नाही असा पदार्थ करण्यासाठी आयाबाया किती डोके चालवीत ते आठवत असेल. आश्विन पौर्णिमेला, कोजागिरीच्या रात्री, लक्ष्मी "कोण जागे आहे?" असे विचारीत फिरते अशी समजूत आहे, त्या रात्री जागरण करून फासे खेळावेत आणि नारळाचे पाणी, पोहे, आटीव दूध यांचे सेवन करावे असा संकेत. आजकाल शहरांतील हॉटेलांतून एखादी कल्पना धरून सारे जेवण त्याभोवती बेतण्याची पद्धत आली आहे. कोजागिरी हे त्याचे आपले जुने रूपच नव्हे काय?

मोक्षपटाचे पान

याच विचाराने गेल्या काही कोजागिरींना आम्ही पाच-सहा डॉक्टर कुटुंबे एका घराच्या गच्चीवर जमतो. कल्पना आमच्या सौभाग्यवतींची. त्यांनी एका चादरीवर मोक्षपट रंगविला, आणि पटाप्रमाणेच पान वाढावयाचे असे ठरले. प्रत्येकाने कवड्या टाकावयाच्या. सोंगटी शिडीवर गेली तर अळूवडी, कुंदा यांपैकी काहीतरी पानात पडते. सापाच्या तोंडी गेली तर कारल्याची भाजी. पट मध्यावर आला की मुले खेळाचे यंत्र जोडतात आणि मोठ्यांची परीक्षा घेतात. एका स्त्रीरोगतज्ज्ञ भगिनीने पहिल्याच वर्षी आम्हा सर्व पुरुषांना हरविले. त्यांचे म्हणणे, "रात्री दोनला उठून निर्णय घेण्याची सवय आहे, एवढंच."

पटातले शेवटचे घर मात्र खाण्याचे नाही, करण्याचे असते. ते घर मांड्यांचे. बेळगावचा मांडा आपणा सर्वांना लग्नाच्या पंगतीतून ठाऊक आहे. तो करून पाहिलेले थोडे. सैलसर भिजवून चांगले मुरविलेल्या पिठाचा गोळा हातांवर फिरवीत, झुलवीत रुमालासारखा पातळ करावयाचा, पालथ्या घातलेल्या तापल्या खापरावर अलगद टाकावयाचा, वर पिठीसाखर, खसखस, वेलची पसरून तो कडक होण्याआधीच घडी घालावयाची. क्षणभर उशीर झाला तर घडी मोडते, क्षणभर घाई झाली तर कच्चा राहतो, आणि हातांवरच फाटला तर सगळे संपले. मुक्ताबाईंना खापर मिळू न दिल्यामुळे त्यांनी ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मांडे भाजले, ही कथा आपण लहानपणी ऐकलेली असते. मोक्षपट आणि मांडे एकाच नावाशी जोडले गेलेले आहेत, हा योगायोग आमच्या सौभाग्यवतींनी हेरला होता.

पहिल्या वर्षी शहापुरातीलच एक अनुभवी बाई आम्हाला शिकविण्यास आल्या. त्यांनी अर्ध्या मिनिटात पहिला मांडा उतरविला. मग आमची पाळी. टाके घालणारे हात, सुई नेमकी शिरेत घालणारे हात, बाळाचे डोके अलगद सोडविणारे हात, सगळे एकापाठोपाठ एक हरले. माझे पहिले चार मांडे हातांवरच फाटले. पाचवा खापरावर पोहोचला आणि जळला. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "डाक्टर, तुम्ही मनगटानं ओढताय. पिठाच्या वजनानंच ते खाली येतंय, तुम्ही नुसतं फिरवा." सहावा मांडा ओबडधोबड झाला, पण झाला. आजवर मनातच मांडे खात आलो होतो. त्या रात्री स्वतःच्या हातचा खाल्ला. मधुमेह असलेल्यांना एकेक तुकडाच द्यावयाचा, हा नियम आम्ही डॉक्टरांनी एकमतानेच केला आणि एकमतानेच थोडासा मोडला.

त्या रात्री घरी परतताना मला जाणवले की, बाईंचे ते वाक्य आणि माझ्या मुलाचे "आता कळलं" ही एकाच जातीची वाक्ये आहेत. दोघांनीही पराभवाचे कारण हातात ठेवले, माणसाला बोल लावला नाही.

पथ्यपाणी

डॉक्टराच्या लेखात पथ्य नसेल तर वाचकांना चुकल्यासारखे वाटेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात खेळाच्या व्यसनाला स्थान मिळाले असून, ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व कामांपेक्षा खेळाला अधिक महत्त्व येणे, नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, ही त्याची लक्षणे. आणि यांमुळे अभ्यास, नोकरी, घर यांची गंभीर हानी साधारणपणे बारा महिने होत असली पाहिजे. केवळ पुष्कळ खेळतो म्हणून मुलाला आजारी ठरवू नये, आणि लक्षणे दिसत असताना "वय आहे" म्हणून दुर्लक्षही करू नये.

पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांची गोष्ट अगदी निराळी. तेथील पराभव शिकवीत नाही, लुबाडतो. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केलेल्या कायद्याने अशा पैशांच्या खेळांना मनाई केली आणि ई-स्पोर्ट्सना त्यांपासून वेगळे काढले. कुणाच्या घरी अशा खेळामुळे कर्ज झाले असेल तर त्याने लाज न बाळगता आपल्या डॉक्टरांशी बोलावे.

शरीराची पथ्ये साधी आहेत. १९९० साली एका अमेरिकन डॉक्टरने नामांकित वैद्यकीय नियतकालिकात एक गमतीदार पण खरी नोंद पाठविली होती : मुलाच्या खेळाच्या यंत्रावर सलग पाच तास खेळलेल्या पस्तीस वर्षांच्या बाईंचा अंगठा दुखावला होता. म्हणून अर्ध्या तासाने हात सोडावे, नजर दूरवर टाकावी. लखलखत्या प्रकाशाने ज्यांना झटके येतात अशा अपस्माराच्या रुग्णांनी असे खेळ टाळावेत. झोपण्याच्या घटकेपर्यंत पडदा पाहू नये.

हे शेवटचे पथ्य मी स्वतः मोडून शिकलो. एका रात्री "एकच डाव आणखी" असे म्हणत मी दोन वाजविले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एका आजीबाईंवर विनाकारण खेकसलो. त्यांनी फक्त गोळी जेवणाआधी की नंतर, एवढेच दुसऱ्यांदा विचारले होते. त्या दिवसापासून घड्याळ सौभाग्यवतींच्या ताब्यात आहे.

हरलेल्या डावाची वही

शेवटी त्या बेचाळीस वर्षांच्या गृहस्थाकडे परत येतो. खेळात मेलेला वीर शेकोटीपाशी पुन्हा उभा राहतो. माणूस राहत नाही. हा भेद विसरायला लावील असा खेळ मला नको. परंतु हरल्यावर "मी वाईट" असे म्हणत बसण्याऐवजी "सूचना कोणती होती आणि मी ती कुठे सोडली" असे विचारता येते, हे मला त्या पडद्यासमोर उमगले. तसे विचारल्यावर उत्तर सापडले. ईसीजी वाचण्यात चूक नव्हती. चिठ्ठी दिल्यानंतर माझ्याकडून पाठपुरावा झाला नव्हता.

आता माझ्या टेबलावर एक वही असते. ज्यांना पुढील तपासणीस सांगितले त्यांची नावे तीत लिहितो आणि तिसऱ्या दिवशी दूरध्वनी करतो. बहुतेक जण गेलेले असतात. काही जण गेलेले नसतात. त्यांना पुन्हा बोलावतो.

बॉस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन या सर्जनने शंभर वर्षांपूर्वी आपल्या रुग्णालयातील ३३७ रुग्णांचा हिशेब मांडून त्यांत १२३ चुका झाल्याचे स्वतःच छापून प्रसिद्ध केले होते. त्याच्या काळात ते कुणाला रुचले नाही. मोठ्या रुग्णालयांतून आज मृत्यूंची चर्चा नियमाने होते. आपण खाजगी व्यवसाय करणारे मात्र आपापल्या दवाखान्यात एकेकटे हरतो आणि एकेकटे जागतो. आपल्या संस्थेने वर्षातून दोनदा तरी अशी बैठक घ्यावी, जीत नाव न घेता, दोष न देता, प्रत्येकाने आपला एक हरलेला डाव सांगावा, अशी माझी नम्र सूचना आहे.

त्या गृहस्थाची पत्नी मागच्या पावसाळ्यात तापलेल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आली होती. रक्ताची तपासणी लिहून दिली आणि चिठ्ठी तिच्या हाती देताना मी मान वर करून तिच्याकडे पाहिले. तिसऱ्या दिवशी मी दूरध्वनी करण्याआधीच ती अहवाल घेऊन दारात उभी होती. मुलाचा ताप उतरला होता.

येत्या कोजागिरीला चादरीवरचा पट पुन्हा पसरला जाईल. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी अवश्य यावे. मांडा प्रत्येकाला स्वतः करावा लागेल, आणि पहिले चार फाटतील हे आधीच सांगून ठेवतो.